ऐकणाऱ्याच्या टोकाला

वेबसाइटवर आवाज आणि चित्र कसं चढवायचं हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांनी स्वतः एकही वेबसाइट बनवलेली नाही. तात्यापाऱ्यातले काका. आकाशवाणी रायपूरच्या तांत्रिक विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. नात्यानं ते माझे कुणीच लागत नाहीत. वडिलांचे मित्र, म्हणून काका. माझ्या हातून या कामात जे काही बरं होतं, त्यातला मोठा वाटा त्यांचा आहे. ते अजून हिंडते-फिरते आहेत, चष्मा लावून मासिक वाचतात, आणि त्यांनी हे वाचावं म्हणूनच लिहिते आहे.

रायपुरात मराठी माणसं कुठून आली, असं पुण्या-मुंबईचे लोक अजून विचारतात. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत छत्तीसगडात उतरले. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. त्यांच्या मागोमाग कारकून आले, भटजी आले, पुढे रेल्वेनं मास्तर आणि वकील आले. 1956 पर्यंत तर आमची राजधानीच नागपूर होती. 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे आणि दासबोध, गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच मातीतले. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ 1935 पासूनचं. तेव्हा गणपतीतलं कीर्तन, गुरुवारचं भजन, चैत्रातलं हळदीकुंकू हे सगळं इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. ते कुणी लिहून ठेवलं नाही. आमच्या गल्लीपुरतं काकांनी ते कॅसेटवर धरून ठेवलं.

लाकडी कपाटभर कॅसेट. भजनी मंडळाचे गुरुवार, दत्तजयंतीचा पाळणा, लग्नाच्या आदल्या रात्री बायकांनी म्हटलेली गाणी, एका आजीच्या जात्यावरच्या ओव्या. प्रत्येक डबीवर बारीक अक्षरात तारीख, म्हणणाऱ्याचं नाव, तबल्यावर कोण, आणि एक नोंद अशी जी मी दुसऱ्या कुणाच्या संग्रहात पाहिलेली नाही: माईक कुठं ठेवला होता. ‘पेटीपासून दोन हात, डावीकडे.’ ‘खिडकी बंद.’ ‘बुवा उभे, माईक छातीच्या उंचीवर.’

मी तेव्हा दुकानांच्या आणि कोचिंग क्लासच्या वेबसाइट करत होते. ज्या घरांतले आवाज त्या कपाटात होते, त्या घरांतली मुलं पुण्याला, बंगळूरला, न्यू जर्सीला गेलेली. काकांनी एका संध्याकाळी विचारलं, “हे सगळं नेटवर ठेवता येईल काय गं? पोरांना तिकडे ऐकता यावं.” मी ‘येईल’ म्हटलं. काम माझं, असं मला वाटलं होतं. पण पुढचे काही महिने आम्ही संगणकाकडे वळलोच नाही, कारण काकांच्या हिशेबानं कामाची सुरुवात टेपरेकॉर्डरच्या हेडपासून होत होती.

कॅसेटची फीत हेडवरून सरकते तेव्हा हेडची फट फितीला अगदी काटकोनात असावी लागते. ज्या यंत्रावर आवाज भरला त्याचं हेड केसभर कललेलं असेल, तर दुसऱ्या यंत्रावर तीच फीत बोथट वाजते. वरचे सूर जातात. ‘स’ आणि ‘श’ एकसारखे ऐकू येतात, झांज मुकी होते. हेडच्या कडेला एक बारीक स्क्रू असतो. काका तो प्रत्येक कॅसेटसाठी नव्यानं फिरवत, डोळे मिटून, घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरनं, झांजेचा आवाज उघडेपर्यंत. “इथं नाही उघडलं तर पुढे तुझा कम्प्युटर काय उघडणार?” त्याआधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलात बुडवलेल्या कापसानं हेड आणि रबरी रोलर पुसायचा. फितीमागची फोमची गादी झडली असेल तर फीत दुसऱ्या डबीत हलवायची. मग लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये, आणि पातळी अशी ठेवायची की सगळ्यात मोठा गजरसुद्धा लाल रेषेच्या बराच खाली राहील. फितीवर आवाज थोडा चढला तर ती तो पोटात घेते. डिजिटलमध्ये लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि तो कापलेला भाग परत मिळत नाही. हे मी पुस्तकातही वाचलं असतं. पण कान कुठं लावायचा, हे शेजारी बसूनच शिकता येतं.

फिलिप्सनं कॅसेट जगापुढे आणली 1963 मध्ये. आकाशवाणीचं रायपूर केंद्रही त्याच वर्षीचं. केंद्राच्या दिवसांबद्दल काका भरभरून बोलतात, आणि त्या बोलण्यातूनच मला माझ्या कामाची खरी दिशा मिळाली. मध्यम लहरी, 981 किलोहर्ट्झ. शेजारच्या केंद्राशी अंतर अवघं 9 किलोहर्ट्झ, त्यामुळे स्टुडिओत ऐकू येणारे वरचे सूर प्रक्षेपणात टिकतच नाहीत. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर काय गोड वाजतं, याला काकांच्या लेखी फारशी किंमत नव्हती. ‘चौपाल’ या कार्यक्रमातल्या बरसाती भैयांना गावोगावची माणसं घरचंच समजत, तो आवाज ज्या स्वस्त ट्रान्झिस्टरमधून बाहेर पडायचा, तो ट्रान्झिस्टर काकांच्या डोळ्यांपुढे सतत असे. घरी आले की ते स्वयंपाकघरातला रेडिओ लावत. पंखा चालू, कढईत फोडणी, आणि काकूंना एकच प्रश्न: शब्द कळले का? काकू नाही म्हणाल्या, तर दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन माईकची जागा बदलायची.

“बाळ, पाठवणाऱ्याच्या टोकाला बसून काही कळत नसतं,” असं ते मला म्हणाले. “ऐकणाऱ्याच्या टोकाला जाऊन बस.”

मी जाऊन बसले. म्हणजे घरातला सगळ्यात जुना फोन घेतला, त्याच्याच पिचक्या स्पीकरवर, कुकरच्या शिट्टीत, कीर्तन ऐकायला लागले. तिथून माझे सगळे निर्णय बदलत गेले. कॅसेटवरून उतरवलेली मूळ फाईल सीडीच्या दर्जाची, म्हणजे तासाला सुमारे 635 एमबी. ती जपून ठेवायची, पाठवायची नाही. तीच 128 केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला 128 किलोबिटला, दाबली तर तासाला 57.6 एमबी, 32 केबीपीएसला दाबली तर 14.4 एमबी. धमतरीला माझी आत्या राहते. तिच्या फोनवर रोजचा डेटा मोजून वापरायचा असतो. तिच्यासाठी 57 आणि 14 यांतला फरक म्हणजे कीर्तन पूर्ण ऐकणं आणि निम्म्यावर सोडणं. ओपस नावाची आवाज दाबण्याची पद्धत 2012 मध्ये प्रमाणित झाली, ती सगळ्यांना मोकळी आहे, आणि बोलण्यासाठी 32 केबीपीएसला ती अप्रतिम चालते. बुवांचं निरूपण त्यात स्वच्छ राहतं. झांजा आणि टाळ मात्र फाटतात, म्हणून भजनांना दुप्पट जागा द्यायची. हा निवाडा काकांनी कानानं केला. माझ्याकडे फक्त आकडे होते.

जुन्या आयफोनवर ओपस वाजत नसे, म्हणून शेजारी एएसी या दुसऱ्या पद्धतीची प्रत. पानावर कितीही ध्वनिमुद्रणं असली तरी कळ दाबेपर्यंत एकही उतरायला लागू नये, यासाठी प्लेअरला ‘आधी काही आणू नकोस’ अशी सूचना. आणि पान उघडताच आपोआप वाजणं तर कधीच नाही. क्रोमनं 2018 मध्ये आवाजासह आपोआप वाजणारे व्हिडिओ अडवायला सुरुवात केली, तेव्हा मला फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या घरात न विचारता आवाज सोडणं हा उद्धटपणाच आहे, आणि तो इतकी वर्षं आपण सगळ्यांनी सोसला.

व्हिडिओचं प्रकरण नंतर आलं. एमपी4 फाईलमध्ये कुठलं चित्र कुठं आहे याची एक अनुक्रमणिका असते. चित्रण संपेपर्यंत कॅमेऱ्याला ती पूर्ण लिहिता येत नाही, म्हणून बरेचदा ती फाईलच्या शेवटी पडते. ब्राउझरला तिच्याशिवाय सुरुवात करता येत नाही. मग तो आधी शेपटाकडे धावतो, आणि सर्व्हरला फाईलचा मधलाच तुकडा देता येत नसेल तर सगळी फाईल उतरेपर्यंत माणूस फिरत्या चक्राकडे बघत राहतो. एफएफएमपेग नावाच्या मोकळ्या सॉफ्टवेअरमधल्या एका सूचनेनं ही अनुक्रमणिका पुढे आणता येते. काकांना हे ऐकून आनंद झाला. पोथी हातात घेणारा पहिलं पान उघडतो, ते कोरं असून कसं चालेल, असं ते म्हणाले.

त्याहून अधिक आनंद त्यांना एचएलएसचा झाला. 1995 मध्ये रिअलऑडिओ आलं तेव्हा 14.4 केबीपीएसच्या मोडेमवर आवाज वाहता पाठवणं हीच नवलाई होती, आणि त्यासाठी खास सर्व्हर लागे. ऍपलनं 2009 मध्ये वेगळा मार्ग काढला, तोच हा एचएलएस. चित्रणाचे काही सेकंदांचे तुकडे करायचे (आता ऍपलची शिफारस 6 सेकंदांची आहे), प्रत्येक तुकडा तीन-चार दर्जांत तयार ठेवायचा, आणि साध्या वेब सर्व्हरवरून द्यायचा. कुठल्या दर्जाचा तुकडा मागायचा हे बघणाऱ्याच्या फोनमधला प्लेअर ठरवतो: मागचा तुकडा किती वेगानं आला ते मोजतो आणि पुढचा हलका मागायचा की भारी ते बघतो. सर्व्हर काहीच ठरवत नाही. मी हे कागदावर चौकोन काढून समजावत होते. काका मध्येच म्हणाले, “म्हणजे रेडिओच सांगतो केंद्राला, मला किती झेपतं ते! आमच्या वेळी हे असतं तर काय पाहिजे होतं.” त्यांच्या आयुष्यभराच्या आग्रहाला कुणीतरी दूर देशात बसून यंत्राचं रूप दिलं होतं, आणि ते त्यांना पाहायला मिळालं.

एवढं सगळं करण्यापेक्षा यूट्यूबवर टाक की, असं मला खूप जणांनी सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. व्हिडिओ आम्ही तिथंच ठेवले आणि तिथून आमच्या पानावर आणले. दर्जांच्या पायऱ्या ते फुकट करून देतात. आवाज मात्र स्वतःकडे ठेवला. फोनचा पडदा बंद करून, तो कमरेला खोचून, निवडण-टिपण करत ऐकणाऱ्या बायका हा आमचा खरा श्रोतृवर्ग. पैसे न भरता यूट्यूब पडदा बंद झाल्यावर गप्प होतं. आणि निरूपण रंगात आलेलं असताना मध्येच जाहिरात यावी, हे मला मान्य नाही.

काकांचं आणखी एक ऋण आहे, ज्याचा तंत्राशी संबंध नाही. कॅसेट माझ्या, पण आवाज माझा नाही, असं ते म्हणत. आपल्या कायद्यात कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावर 50 वर्षं हक्क असतो, हे मी त्यांना वाचून दाखवलं; पण कायदा नसता तरी त्यांनी तेच केलं असतं. ते घरोघर गेले. बुवांच्या मुलाकडे, पेटीवाल्यांच्या सुनेकडे. प्रत्येकाला त्यांचंच ध्वनिमुद्रण आधी ऐकवलं आणि मग विचारलं. ओव्या सांगणाऱ्या आजींच्या नातीनं दोन ओव्या काढून ठेवायला सांगितल्या. त्यांत घरातल्या एका दुःखाची नावं होती. त्या काढल्या. मी ‘संग्रह अपुरा राहतो’ असं काहीतरी बोलायच्या बेतात होते, तेवढ्यात काकांनी कागदावर ‘मान्य’ असं लिहून सही केली. ज्यांचा आवाज आहे त्यांचा शब्द शेवटचा, हे मी त्या सहीवरून शिकले.

त्यांच्याच ओटीवर मला कांकेरकडची एक मुलगी भेटली. गोंडी बोलणारी, रायपुरात शिकायला आलेली. तिनं मला सीजीनेट स्वराबद्दल सांगितलं. बीबीसीतून आलेले पत्रकार शुभ्रांशू चौधरी यांनी 2010 मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या मदतीनं ते सुरू केलं. साध्या फोनवरून एका बंगळूरच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. तिकडून फोन येतो. बातमी सांगायची असेल तर 1 दाबायचा, ऐकायची असेल तर 2. सांगितलेलं तपासून मग ते फोनवर आणि वेबसाइटवर दोन्हीकडे लागतं. रेशन मिळालं नाही, मजुरी थकली, हातपंप बंद आहे, कुणाला एखादं गाणं म्हणायचं आहे. गोंडीत, छत्तीसगढीत, हिंदीत, कुडुखमध्ये. त्या मुलीनं आपल्या पाड्यावरचा हातपंप तिथंच सांगितला होता. पुढे जिथं फोनची रेंजही नाही तिथं ब्लूटूथनं एका फोनवरून दुसऱ्यावर आवाज नेण्याचा ‘बुल्टू रेडिओ’ही त्याच मंडळींनी काढला. वेबसाइटवर आवाज कसा ठेवायचा याची जगभरातली पुस्तकं मी चाळली होती. पण ज्याच्याकडे ब्राउझरच नाही त्यालाही वेबसाइटचा श्रोता आणि वक्ता करता येतं, हे माझ्याच राज्यात घडत होतं आणि मला ते एका विद्यार्थिनीनं सांगितलं. काका तिचं बोलणं टिपून घेत होते.

2020 च्या गणपतीत, 22 ऑगस्टला, करोनामुळे गल्ली एकत्र येणं शक्य नव्हतं. मूर्ती काकांच्या बैठकीत बसवली आणि आरती थेट पाठवायची ठरली. घराच्या ब्रॉडबँडवर खाली येणारा वेग बरा, वर जाणारा अगदी कमी. काकांनी नियम घातला: आवाजाचा हिस्सा आधी बाजूला काढ, उरेल त्यात चित्र बसव. म्हणून चित्र 360 ओळींचं, आणि सगळ्यात खालची पायरी नुसत्या आवाजाची. ऍपलनं एके काळी मोबाइल जाळ्यावर व्हिडिओ दाखवणाऱ्या अ‍ॅपना 64 केबीपीएसची अशी पायरी सक्तीची केली होती. त्यामागचं शहाणपण मला त्या दिवशी पटलं. 6 सेकंदांचे तीनेक तुकडे जमल्याशिवाय प्लेअर सुरू होत नाही, म्हणजे बघणारा वीसेक सेकंद मागे. व्हिडिओ कॉलवर सगळे एकत्र आरती म्हणायला गेले की ताल तुटतो, म्हणून आम्ही उलटा आवाज घेतलाच नाही. जो तो आपल्या घरात, आपल्या घंटेनं. काका आतल्या खोलीत जुना फोन घेऊन बसले आणि दारातून हातानं खुणा करत राहिले: झांज मागे, बुवा पुढे. रात्री आत्याचा धमतरीहून फोन आला. “चित्र गेलं गं मध्येच. आवाज होता. माझी आरती पुरी झाली.”

काकांचं नाव घेताना ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत अशा लोकांचंही काही माझ्याकडे निघतं. एफएफएमपेग फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी 2000 मध्ये सुरू केलं. त्यानंतर शेकडो जणांनी फुकट घाम गाळून ते वाढवलं, आणि आमचा एकेक गुरुवार त्यातून गेला आहे. व्हीएलसी हा प्लेअर तर पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पोरांचं. वसतिगृहाला वेगवान जाळं हवं, पण कारण काय सांगायचं? तर एकाच डिशवरून उपग्रहावरचा टीव्ही सगळ्या खोल्यांत वाहता पाठवू. 2001 मध्ये त्यांनी ते सगळ्यांसाठी मोकळं केलं. काकांच्या संगणकावर तो नारिंगी शंकू आजही पहिल्या ओळीत असतो.

सध्या आम्ही दोघं एका नव्या कामात आहोत. कांकेरच्या मुलीचं बोलणं ऐकताना काकांनी जे टिपून घेतलं होतं, त्यातून हे निघालं: इंटरनेट नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना नंबर लावून कीर्तन ऐकता यावं. अ‍ॅस्टेरिस्क नावाचं मोकळं सॉफ्टवेअर एका लहानशा संगणकावर बसवलं आहे. साध्या फोनची लाइन 300 ते 3400 हर्ट्झच्या पलीकडचं काही नेत नाही, मध्यम लहरींपेक्षाही ती अरुंद. भजन त्यात टिकणार नाही. बुवांचं बोलणं टिकेल. कुठल्या कॅसेट घ्यायच्या हे काका डबीवरची माईकची नोंद वाचून ठरवत आहेत. ‘माईक छातीच्या उंचीवर’ असलेल्या त्यांनी वेगळ्या काढल्या आहेत.

काका, फोन लागल्यावर ‘कीर्तनासाठी 1 दाबा, ओव्यांसाठी 2’ हे सांगणारा आवाज तुमचाच घ्यायचा असं मी ठरवलं आहे. रविवारी येते. खिडकी बंद ठेवा, आणि काकूंना म्हणावं, दुसऱ्या टोकाला फोन घेऊन त्यांनी बसायचं आहे.